जिन्याशेजारचा कचऱ्याचा डक्ट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी २०२६ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही वाक्यं नीट लावून घेतली आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)



कमिटीने मला सांगितलं होतं, काका, तुम्ही पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. आठवणी सांगायला माझी ना नाही. आपण कोनला राहायला आलो तेव्हा एक्सप्रेस वे पुरता झालेला नव्हता, समोर भातशेती होती आणि रात्री बेडकांनी झोप येत नसे, हे तुम्हाला माहीतच आहे. ते सगळं इतरांनी लिहिलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. रिटायर झालेल्या बँकवाल्याच्या हातात माइक दिला की तो थकबाकीच काढणार. आपल्या सोसायटीची एक थकबाकी वीस वर्षांपासून तशीच आहे, आणि गेल्या महिन्यात तिच्याबद्दल एक अर्जही आला आहे. त्यावर पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेत निर्णय व्हायचा आहे. त्याआधी मला जे म्हणायचं आहे ते आज, सगळे एकत्र असताना म्हणतो.

विषय आहे कचऱ्याच्या डक्टचा. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये त्याचं नाव ‘गार्बेज शूट’ असं रंगीत अक्षरात छापलं होतं. मुंबईच्या लोकांना इकडे ओढायचं तर मुंबईसारखं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून चार मजली इमारतीतही ते घातलं. ज्या मुलांनी ते कधी चालू पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही विंगमध्ये जिन्याच्या प्रत्येक मधल्या टप्प्यावर भिंतीत लोखंडी झडप दिसते, रंग देऊन देऊन ती भिंतीसारखीच झाली आहे. तिच्यामागे तळापासून गच्चीपर्यंत विटांचा उभा पोकळ चौकोन आहे. झडप उघडायची, पिशवी टाकायची, ती धपकन खालच्या खोलीत पडायची. सकाळी कामगार ती खोली उपसायचा. मोठ्या हॉटेलांत आणि हॉस्पिटलांत असाच डक्ट धुण्याच्या कपड्यांसाठी असतो, वरच्या मजल्यावरच्या चादरी थेट लाँड्रीत. कल्पना वाईट नाही.

आपल्याकडे ती चार वर्षं चालली. जुलै २००५ च्या पावसात खालच्या खोलीत पाणी भरलं, उंदीर वर चढले, वास तर विचारू नका. लेप्टोच्या भीतीने सभेत एकमताने ठराव झाला की डक्ट बंद करावा. झडपा बंद केल्या, काहींना स्क्रू मारले, जिथे झडप गंजली होती तिथे प्लायवूड ठोकलं. मिनिटबुकात ‘डक्ट कायमस्वरूपी बंद करण्यात आला’ अशी नोंद आहे. बँकेत एखादं खातं बंद झालं असं कोणी म्हटलं की आम्ही आधी बाकी शून्य आहे का ते बघायचो. इथे ते कोणी बघितलं नाही, कारण त्या वेळी प्रश्न उंदरांचा होता आणि उंदीर थांबले होते.

पोकळी मात्र तशीच राहिली. रिकामी उभी जागा दिसली की वायरवाल्याला मोह होतोच. आधी केबल टीव्हीची वायर आली, मग इंटरनेटची, मग दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटची, मग कोणाच्या तरी एसीचा पाइप, त्यावर गुंडाळलेला काळा फोम. प्रत्येकाने आपल्या मजल्यावर भोक पाडलं आणि तसंच सोडून गेला. डक्टच्या खालच्या खोलीला आपण स्टोअर म्हणायला लागलो. डिसेंबरात मी यादी केली, ती वाचून दाखवतो: गणपतीचं जुनं थर्माकोलचं मखर, मंडपाचं कापड, रद्दीचे गठ्ठे, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या सात, मागच्या रंगकामाचे टर्पेंटाइनचे अर्धे डबे, दोन गाद्या. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणजे ते मखर त्याच्याही आधीचं. आणि ही खोली कशाला लागून आहे? मीटर रूमला. भिंतीला भिंत.

त्याच दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी, आपला इलेक्ट्रिशियन आणि मी, तिघांनी एक साधा प्रयोग केला. स्टोअरच्या दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरली. धूर इकडेतिकडे न जाता सरळ आत ओढला गेला, कोणीतरी आतून श्वास घ्यावा तसा. मग मी चौथ्या मजल्यावर गेलो (वेळ लागला, गुडघे आहेत) आणि तिथल्या झडपेच्या फटीपाशी दुसरी उदबत्ती धरली. तिचा धूर जिन्याकडे ढकलला जात होता. मिनिटभरात खालच्या मोगऱ्याचा वास चौथ्यावर आला. खाली फक्त एक उदबत्ती होती.

हे असं का होतं? आपल्या परिसरात वीटभट्ट्या आहेत, धुराडं सगळ्यांनी पाहिलं आहे. उभी अरुंद पोकळी, आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम, की ती वर सरकते आणि खालून नवी हवा ओढून घेते. थंडीच्या संध्याकाळी नुसत्या इमारतीच्या उबेनेही हे घडतं. आग लागली तर आतली हवा कितीतरी पट गरम, ओढ तितकीच जास्त. धूर जिन्यातून चालणाऱ्या माणसापेक्षा वेगाने चढतो. खाली आगीला ताजी हवा मिळत राहते आणि वर धूर पोचत राहतो. आपली झडप उघडते कुठे? जिन्यात. प्रत्येक विंगला जिना एकच.

माझ्यासारख्या म्हाताऱ्याने उगीच घाबरवू नये, म्हणून जे घडून गेलं आहे तेच सांगतो. अमेरिकेत हार्टफर्ड नावाच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ८ डिसेंबर १९६१ ला कचऱ्याच्या डक्टमध्ये आग लागली. कोणीतरी टाकलेलं सिगरेटचं थोटूक हे कारण मानलं गेलं. आग डक्टमधून वर चढली आणि नवव्या मजल्यावरची झडप फोडून बाहेर आली. कॉरिडॉरचं छत जळणाऱ्या सामानाचं होतं. सोळा माणसं गेली. त्या मजल्यावर ज्या खोल्यांची दारं बंद होती तिथले रुग्ण वाचले, हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे. त्याच देशात १९४९ साली एफिंगहॅम गावच्या हॉस्पिटलात आग कपड्यांच्या डक्टपाशी सुरू झाली असं मानलं जातं, तिथे सत्तरहून जास्त लोक गेले. आणि १९८० साली लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली खालच्या मजल्यावर, पण मेलेल्या पंच्याऐंशी लोकांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवरचे होते. ज्वाळा तिथवर गेल्याच नाहीत. लिफ्टच्या आणि जिन्याच्या पोकळीतून धूर गेला.

अमेरिका लांब आहे म्हणाल, तर गोरेगाव पश्चिमेला ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तीनच्या सुमाराला जय भवानी इमारतीत काय झालं ते आठवा. तळाच्या पार्किंगमध्ये गाड्या आणि कपड्यांचे गठ्ठे पेटले. माणसं वर झोपलेली, धूर वर गेला. किमान सात जण दगावले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. तिथे कचऱ्याचा डक्ट हे कारण होतं असं मी म्हणत नाही. तळाला साठवलेलं सामान आणि वर जाणारी उघडी वाट, एवढंच मला दाखवायचं आहे. आपल्याकडे हे दोन्ही आहे. गेल्या दिवाळीत वाशीला सेक्टर १४ मध्ये चार जण गेले, त्यात सहा वर्षांची मुलगी होती, आणि त्याच वेळी कामोठ्यात मायलेकी गेल्या. कामोठे इथून किती लांब आहे ते मी सांगायला नको.

अग्निशमनाची गाडी आपल्याकडे येणार ती पनवेल किंवा कळंबोलीच्या बाजूने, पळस्पे फाट्यावरून. शनिवारी संध्याकाळी त्या फाट्यावर अडकलेल्या कोणालाही विचारा. ते जवान येतील, नक्की येतील. तोपर्यंतची मिनिटं आपली आपल्याला काढायची आहेत, आणि ती जिन्यात धूर आहे की नाही यावर ठरतील.

आता नियम काय म्हणतात. देशाची राष्ट्रीय इमारत संहिता आहे, २०१६ ची आवृत्ती, तिच्या चौथ्या भागात आगीपासूनच्या सुरक्षेचं सगळं आहे. कचऱ्याच्या डक्टबद्दल ती जे सांगते ते आपल्या भाषेत असं: डक्टच्या भिंती न जळणाऱ्या हव्यात आणि आगीत दोन तास टिकल्या पाहिजेत. झडपा घट्ट बसणाऱ्या, एक तास टिकणाऱ्या. डक्टचं तोंड गच्चीच्या वर किमान एक मीटर उघडं, म्हणजे धूर बाहेर जाईल. आत पाण्याचे स्प्रिंकलर. डक्ट जिन्याच्या आवारात नको, वायरींच्या किंवा एसीच्या पोकळीत नको, आणि बाहेर पडायच्या वाटेपासून किमान सहा मीटर दूर हवा. आपली इमारत या आवृत्तीच्या बरीच आधीची आहे, म्हणून बिल्डरला आज जाब विचारून उपयोग नाही. पण आता आपणच तो डक्ट नव्याने सुरू करायला निघालो, तर याच मापाने मोजायला हवं.

इथे मी अर्जाकडे येतो. बी विंगमधल्या काही सभासदांनी डक्ट पुन्हा सुरू करावा अशी मागणी केली आहे. अर्ज मी पूर्ण वाचला आहे आणि त्यात एक शब्दही खोटा नाही. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर ज्या आजी एकट्या राहतात त्यांना कचऱ्याचा डबा घेऊन चार जिने उतरावे लागतात. मुलगा पुण्याला, सून नोकरीला. गेल्या पावसाळ्यात त्या दुसऱ्या टप्प्यावर घसरल्या, नशीब हाड मोडलं नाही. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, मला हा त्रास कोणी समजावून सांगायला नको.

पण मापं घेतली आहेत. झडप जिन्याच्या आवारातच आहे. सहा मीटर राहू द्या, सहा फूटही अंतर नाही. डक्टची भिंत साडेचार इंची विटांची, तिला वीसेक भोकं. स्प्रिंकलरला लागणारी टाकी आणि पंप आपल्याकडे नाही. जिना हलवता येत नाही, डक्ट हलवता येत नाही. पैसा कितीही ओतला तरी तो नियमात बसत नाही. शिवाय २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा द्यायला सांगितलं होतं. एका नळीतून तीन प्रकारचा कचरा वेगळा कसा पडणार? आणि आपण टाकतो काय, ते प्रामाणिकपणे आठवा. निर्माल्यात अर्धी जळकी उदबत्ती असते. दिवाळीत फुलबाजीची तार गरमच असते. कोणाच्या घरी सिगरेट ओढणारे पाहुणे येतात. खाली गठ्ठ्यात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, तासभर धुमसते आणि सगळे झोपल्यावर जागी होते.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. डक्ट सुरू करू नये, आणि आज आहे तसा ‘बंद’ही ठेवू नये. तो मजल्या-मजल्यावर बुजवावा.

बुजवणं म्हणजे काय, ते इंजिनियरला विचारून लिहून घेतलं आहे. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबच्या पातळीला डक्टमध्ये सळ्या घालून काँक्रीटचा आडवा स्लॅब टाकायचा. म्हणजे एका उभ्या पोकळीची पाच छोटी बंद खणं होतात, धूर एका खणातून दुसऱ्यात जात नाही. झडपा आणि प्लायवूड काढून तिथे विटा लावून प्लास्टर. वायरी बाहेर काढून वेगळ्या पाइपातून न्यायच्या, आणि पाइप जिथे स्लॅब ओलांडतो तिथली फट फायर सीलंटने भरायची. हे सीलंट गरम झालं की पुरीसारखं फुगतं आणि फट बंद करतं. बाजारात स्प्रेच्या बाटलीत मिळणारा पिवळा फोम वापरायचा नाही. तो फुगतो खरा, पण साधा फोम स्वतःच जळतो. दोन मजल्यांवर कोणीतरी तो भरलेला मी पाहिला, हेतू चांगला होता.

खर्चाची तीन कोटेशनं नोटीसबोर्डावर लावली आहेत. पैसे कुठून, तर त्यासाठी वेगळी वर्गणी लागणार नाही. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का आपण जमा करतोच. खजिनदारांकडे बाकी पाहिली आहे, दुरुस्ती निधीतून हे काम होतं. रंगकाम एक वर्ष पुढे जाईल. जाऊ दे.

आजींचा प्रश्न मात्र बुजवून सुटत नाही, तो सोडवावाच लागेल. सफाईच्या मावशींशी मी बोललो. दोन्ही विंगमध्ये रोज सकाळी दारोदार जाऊन ओला आणि सुका वेगळा घ्यायला त्या तयार आहेत, घंटागाडी यायच्या आत. त्यासाठी त्यांना आणखी एक बाई मदतीला लागेल आणि पगार वाढवावा लागेल. दर महिन्याच्या बिलात थोडी भर पडेल. तरुण कुटुंबं म्हणतील आम्ही स्वतः नेतो, आम्ही का द्यावं? तर द्यावं. डक्टची सोय काढून घेतली ती सगळ्यांच्या सुरक्षेसाठी, मग तिचा भार एकट्या चौथ्या मजल्यावर टाकायचा हे मला पटत नाही. या दोन गोष्टी एकाच ठरावात याव्यात अशी माझी सूचना आहे. नाहीतर बुजवायचं काम होईल आणि मावशींचा पगार ‘पुढील सभेत’ जाईल. पुढील सभा म्हणजे काय, हे आपल्याला डक्टनेच शिकवलं आहे.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्यात अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे, आणि परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र घ्यायचं असतं. आपल्या उंचीच्या इमारतीला त्यातलं नेमकं काय काय लागू होतं, ते कमिटीने एजन्सीकडून लेखी घ्यावं. जानेवारी संपायला पाच दिवस आहेत. तळाला टांगलेल्या लाल सिलिंडरवरची चिठ्ठी मी वाचली, मुदत २०२३ लाच संपली आहे. मुदत संपलेला चेक कोणी वटवायला घेऊन आला तर मी काउंटरवरून परत पाठवत असे.

स्टोअर रिकामं करायला मात्र ठराव लागत नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आपण सगळे मिळून ते उपसू. ज्यांची गादी आहे त्यांनी ती घेऊन जावी, मी नावं वाचत नाही. पार्किंगमध्ये स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी मीटर रूमजवळचा प्लग वापरू नये, एवढं आजपासून पाळा.

बंद दारांचं राहिलं. समजा उद्याच काही झालं, डक्ट बुजवायच्या आत. जिन्यात धूर नसेल तर ताबडतोब खाली उतरायचं. जिन्यात धूर असेल तर धुरात शिरायचं नाही. दार लावून घ्यायचं, खालच्या फटीत ओली चादर ठोसायची, रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून हाक मारायची, १०१ किंवा ११२ ला फोन करून विंग आणि मजला सांगायचा. २०१८ साली परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओल्या सुती कापडातून श्वास घ्यायला लावला, तिला पुढे शौर्य पुरस्कार मिळाला. मुलांनो, तिचं लक्षात ठेवा. फक्त एक भर घाला: ओलं कापड काजळी अडवतं, विषारी वायू अडवत नाही. म्हणून ते नाकावर धरून धुराच्या जिन्यात चालत सुटायचं नाही.

शेवटी एक, तरुण सभासदांसाठी. आज ना उद्या रीडेव्हलपमेंटचा विषय निघणार, निघालाच आहे. कोनला आता केवढाले टॉवर उभे आहेत ते आपण बघतो. कोणीतरी बिल्डर चकचकीत ब्रोशर घेऊन येईल आणि त्यात पुन्हा ‘गार्बेज शूट’ असेल. तेव्हा मी असेन-नसेन. नाही म्हणू नका, उंच इमारतीत त्याची सोय मोठी असते. फक्त नकाशा टेबलावर पसरून विचारा: शूट जिन्यापासून किती मीटर, झडप आगीत किती वेळ टिकते आणि त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे, आत स्प्रिंकलर आहे का, वरचं तोंड गच्चीच्या वर निघतं का, खालच्या खोलीचं दार कसलं, आणि त्यातून वायरी जाणार नाहीत हे लिहून देता का. उत्तर तोंडी दिलं तर घेऊ नका.

विशेष सभा १५ फेब्रुवारीला, सकाळी साडेदहाला, याच मंडपाच्या जागी आहे. सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदनासाठी वही सेक्रेटरींच्या टेबलावर आहे, अर्ज ज्यांनी केला त्यांच्यापैकी दोघांनी सकाळीच सही केली. बाकीच्यांनी जेवायला बसण्याआधी करावी, कारण मसालेभातानंतर कोणी उठत नाही.